अमेरिकेतला नवा शिक्षण कायदा (एसा): आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टपर्यंत माहिती पोचते का? पालकांनी काय विचारायचं?

चाफेकळी | ११ सप्टेंबर २०१६, रात्री ९:४०

मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज लिहायला बसले.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये, शाळा सुरू व्हायला दोन आठवडे असताना, आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टकडून (इथल्या शाळा चालवणारी स्थानिक संस्था) एक जाड पाकीट आलं. आम्ही वॉशिंग्टन राज्यात राहतो. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की तुमच्या मुलीच्या शाळेने फेडरल कायद्याप्रमाणे 'पुरेशी वार्षिक प्रगती' केलेली नाही. त्याच पाकिटात डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांचं, म्हणजे सुपरिंटेंडंटांचं, दुसरं पत्र होतं: शाळा चांगली आहे, शिक्षक मेहनती आहेत, सोबतच्या पत्राने घाबरून जाऊ नका. सासूबाई तेव्हा इथे आल्या होत्या. मी दोन्ही पत्रं त्यांना मराठीत वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "अगं, मग शाळा चांगली की वाईट?" मला सांगता आलं नाही, आणि ती गोष्ट मला फार लागली.

मग मी वाचायला सुरुवात केली. जानेवारी २००२ मध्ये बुश यांनी सही केलेला 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायदा म्हणत होता की २०१३-१४ पर्यंत प्रत्येक मूल वाचन आणि गणितात 'प्रवीण' झालं पाहिजे. प्रत्येक म्हणजे शंभर टक्के. मुलांचे गट पाडलेले: वंश, गरिबी, अपंगत्व, इंग्रजी शिकणारी मुलं. एक गट मागे पडला तरी अख्खी शाळा नापास. हे कुणालाच जमेना, म्हणून ओबामा सरकारने राज्यांना अटींवर सूट दिली. शिक्षकांच्या मूल्यमापनात राज्य परीक्षेचे गुण धरायचे, ही त्यातली एक अट. आमच्या विधिमंडळाने ती मान्य केली नाही आणि एप्रिल २०१४ मध्ये आमची सूट गेली. अशी सूट गमावणारं हे पहिलं राज्य. मग राज्यातल्या जवळजवळ सगळ्या शाळांवर तो शिक्का बसला, आणि गरीब मुलांसाठीच्या टायटल वन निधीतले सुमारे ४ कोटी डॉलर खासगी शिकवण्या आणि दुसऱ्या शाळेत ने-आण करण्याच्या खर्चासाठी बाजूला काढावे लागले.

गेल्या वर्षी १० डिसेंबरला ओबामांनी नव्या कायद्यावर सही केली. 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स अ‍ॅक्ट', सगळे 'एसा' म्हणतात. तिसरी ते आठवी दरवर्षी आणि हायस्कुलात एकदा वाचन-गणिताची परीक्षा, हे तसंच राहिलं. पण शाळा कशी मोजायची, मागे पडलेल्या शाळेचं काय करायचं, हे आता बरंचसं राज्याने ठरवायचं आहे. वर्षाला ठरलेली मजल मारली नाही की नापास, हा प्रकार गेला. शिक्षकांच्या मूल्यमापनाची सक्तीही गेली. आणि राज्याचा आराखडा असो की डिस्ट्रिक्टचा, तो शिक्षक, मुख्याध्यापक, पालक यांच्याशी 'वेळेवर आणि अर्थपूर्ण' सल्लामसलत करून बनवायचा, असं कायद्यातच लिहिलेलं आहे.

जूनपासून मी आमच्या डिस्ट्रिक्टच्या पालक सल्लागार समितीवर आहे. पहिल्याच बैठकीत मी विचारलं, "नव्या कायद्याखाली आपण पालकांना कधी विचारणार?" टेबलाभोवतीच्या नऊ जणांपैकी दोघांनी कायद्याचं नाव ऐकलं होतं. कुणाला दोष देत नाही. सगळी मनापासून काम करणारी माणसं आहेत, माहितीच पोचलेली नव्हती.

तुमच्याकडे काय चाललंय? ज्यांची मुलं इथल्या पब्लिक स्कूलमध्ये आहेत, जे शाळांत काम करतात, सगळ्यांनी लिहा.

---

देवगडकर | ११ सप्टेंबर २०१६, रात्री १०:२५

चांगला धागा. आम्ही न्यू जर्सीत. एक मूलभूत शंका: शाळा चालवतं डिस्ट्रिक्ट, पैसा आमच्या प्रॉपर्टी टॅक्समधून जातो, मग फेडरल सरकारचा यात संबंध काय?

---

चाफेकळी | ११ सप्टेंबर २०१६, रात्री ११:०५

@देवगडकर, इथल्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखही नाही, त्यामुळे ते राज्यांकडे आहे आणि राज्यांनी ते जवळपास १३ हजार डिस्ट्रिक्टांवर सोपवलंय. फेडरल पैसा एकूण शालेय खर्चाच्या दहा टक्क्यांच्या आत. पण तो पैसा घ्यायचा तर अटी पाळायच्या. सुरुवात १९६५ ची. लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमधल्या आपल्या लहानपणच्या एका खोलीच्या शाळेसमोर टेबल टाकून, आपल्या पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून त्या कायद्यावर सही केली होती. गरीब वस्तीतल्या शाळांना जास्तीची मदत, हा त्याचा गाभा. २००२ चा कायदा काय आणि आत्ताचा एसा काय, दोन्ही त्याच कायद्याची नवी रूपं.

---

सफरचंदाची_बाग | १२ सप्टेंबर २०१६, सकाळी ६:५०

मी यकिमा खोऱ्यातल्या एका छोट्या डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात काम करते. नाव सांगत नाही. माहिती खाली कशी येते ते सांगते, कारण मी त्या साखळीचं अगदी शेवटचं टोक आहे.

वॉशिंग्टनमध्ये २९५ डिस्ट्रिक्ट आहेत. सियाटलच्या बाजूची मोठी डिस्ट्रिक्ट असतात त्यांच्याकडे फेडरल निधी बघायला वेगळा विभाग असतो. आमच्याकडे टायटल वन, स्थलांतरित मजुरांच्या मुलांचा निधी, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या नोंदी आणि सवलतीच्या जेवणाचे अर्ज, सगळं एकाच बाईच्या टेबलावर. त्या टेबलावर फोनही आहे, आणि आजारी मूल घरी पाठवायचं असेल तर तेही तिनेच बघायचं. ती बाई म्हणजे मी.

फेडरल शिक्षण खात्याचं पत्र राज्याला येतं. राज्याचं शिक्षण कार्यालय त्यावरून बुलेटिन काढतं. राज्यात नऊ विभागीय सेवा केंद्रं आहेत, त्यांना आम्ही ईएसडी म्हणतो. ती बैठका घेतात, वेबिनार लावतात. माझ्यासारखीला खरा आधार त्या ईएसडीतल्या माणसाचा. मी फोन करते, "हे वाक्य म्हणजे नक्की काय करायचं?" आणि तो सांगतो, "हा रकाना भर, हा पुढच्या वर्षी." बुलेटिन वाचून कळत नाही असं नाही, पण सफरचंदाच्या हंगामात मुलांच्या बदल्या एवढ्या असतात की चाळीस पानं वाचायला शांत अर्धा तास मिळत नाही.

चाफेकळीताई, तुमच्या त्या बैठकीतल्या सात जणांबद्दल मला म्हणूनच आपुलकी वाटली.

---

चाफेकळी | १२ सप्टेंबर २०१६, दुपारी १२:१५

ताई, तुमचा प्रतिसाद मी समितीत वाचून दाखवू का? नाव नाही, गाव नाही. मोठ्या डिस्ट्रिक्टमधल्या लोकांना हे ऐकायची गरज आहे.

---

सफरचंदाची_बाग | १२ सप्टेंबर २०१६, दुपारी १२:४०

जरूर.

---

गुरुजी_सातारा | १३ सप्टेंबर २०१६, सकाळी ८:१०

इकडचा अनुभव. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. शासन निर्णय निघतो, संचालक, शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख असा उतरत मुख्याध्यापकांपर्यंत येतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. त्यात शाळा व्यवस्थापन समितीवर तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं आहे. आमच्या गावात समिती कागदावर लगेच झाली. ती खरी कधी झाली? केंद्राच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांनी कलम वाचून दाखवलं आणि म्हणाले, "शाळेचा विकास आराखडा पालकांनी करायचाय, तुम्ही नाही." त्यानंतर एका आईने उभं राहून पहिली मागणी केली, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी हवी. आराखड्यात पहिलं काम तेच लिहिलं गेलं. म्हणून सांगतो, कलम मोठ्याने वाचून दाखवा. त्याचा उपयोग होतो.

---

पिवळी_बस | १३ सप्टेंबर २०१६, रात्री ८:३०

मी ईएल शिक्षिका आहे, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना शिकवते. आपल्या मराठी पालकांसाठी एक कळकळीचं सांगणं आहे.

शाळेत नाव घालताना घरच्या भाषेचा फॉर्म देतात. मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोलायला शिकलं? घरी जास्त कोणती बोलतं? मराठीचा रकाना बहुतेक वेळा छापलेला नसतो, 'इतर' वर खूण करून लिहावं लागतं. आणि आपले पालक काय करतात? 'इंग्लिश' लिहितात. मूल वेगळ्या वर्गात टाकतील, मागे ठेवतील, अशी भीती असते. परवाच एक वडील माझ्यासमोर फॉर्म भरत होते. मुलगी त्यांच्या पँटला धरून "बाबा, पाणी" म्हणत होती, आणि ते पेनने 'इंग्लिश' लिहीत होते. मी मराठीत म्हटलं, "दादा, खरं लिहा, काही होत नाही." त्यांनी एकदम वर पाहिलं. ते खोडून 'मराठी' लिहिलं आणि त्याखाली रेघही मारली.

मराठी लिहिलं तर फार तर काय होईल? एक छोटी चाचणी होईल. मुलाला इंग्रजी नीट येत असेल तर विषय तिथेच संपला. येत नसेल तर मदत मिळेल, आणि शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत तुम्हाला लेखी कळवावं लागतं: कोणत्या पातळीवर आहे, कोणत्या पद्धतीने शिकवणार, बाहेर कधी पडेल. ती खास मदत नाकारायचा हक्क तुम्हाला आहे. फक्त इंग्रजीची वार्षिक चाचणी मात्र पास होईपर्यंत द्यावीच लागते.

आणि एसामुळे यात एक मोठी गोष्ट बदलली. पूर्वी या मुलांच्या इंग्रजीच्या प्रगतीचा हिशोब वेगळ्या, बाजूच्या कार्यक्रमात होता. आता तो शाळेच्या मुख्य मोजमापात आलाय. म्हणजे प्रिन्सिपलना आमच्या वर्गाकडे बघावंच लागणार. अकरा वर्षं मी स्टोअररूमशेजारच्या खोलीत शिकवते आहे. मला या कलमाचं किती बरं वाटलं, सांगू शकत नाही.

---

निशिगंध | १३ सप्टेंबर २०१६, रात्री ९:१५

+१. मीही 'इंग्लिश' लिहिलं होतं. बदलता येतं का?

---

पिवळी_बस | १३ सप्टेंबर २०१६, रात्री ९:२०

ऑफिसात जाऊन सांग, नवा फॉर्म देतील. मुलगा वर्गात व्यवस्थित चाललाय ना? मग घाई नाही. धाकट्याच्या वेळी मात्र नक्की खरं लिही.

---

देवगडकर | १४ सप्टेंबर २०१६, रात्री १०:००

वाचून वाचून मीही कामाला लागलो. 'पालकांचा माहितीचा हक्क' या भागात दोन गोष्टी सापडल्या. टायटल वन शाळेत पालकाने विचारलं तर वर्गशिक्षकाची पात्रता सांगावी लागते. आणि सलग चार आठवडे किंवा जास्त काळ राज्याच्या प्रमाणपत्राच्या अटी पूर्ण न करणारा शिक्षक शिकवत असेल तर शाळेने न विचारता कळवायचं. आमच्या मुलीला गेल्या वर्षी गणिताला तीन महिने बदली शिक्षक होते, पत्र काही आलं नाही. शाळेचं नाव घेत नाही. यंदा लक्ष ठेवणार.

---

चाफेकळी | १५ सप्टेंबर २०१६, रात्री ९:३०

@देवगडकर, आधी बघा तुमची शाळा टायटल वन आहे का. सगळ्या नसतात. आणि पैशाचंही एक कलम लिहून ठेवा: ज्या डिस्ट्रिक्टला ५ लाख डॉलरपेक्षा जास्त टायटल वन निधी मिळतो, त्याने किमान १ टक्का पालक-सहभागासाठी ठेवायचा, त्यातला ९० टक्के शाळांना द्यायचा, आणि तो कसा खर्चायचा हे पालकांना विचारून ठरवायचं. आमच्याकडे तो पैसा वर्षानुवर्षं माहितीपत्रकं छापण्यात जात होता, तीही फक्त इंग्रजीत. आम्ही दुभाषी मागितले. ऑक्टोबरच्या पालकसभेला स्पॅनिश, रशियन आणि सोमालीचे मिळताहेत.

---

अबोल_बाबा | १६ सप्टेंबर २०१६, रात्री ११:५०

मी सहसा लिहीत नाही. माझा मुलगा चौथीत आहे, ऑटिस्टिक आहे. गेल्या आयईपी (त्याच्यासाठीची वैयक्तिक शिक्षण योजना) बैठकीत सांगितलं की तो राज्याच्या नेहमीच्या परीक्षेऐवजी 'पर्यायी' परीक्षा देईल, त्याला ताण येणार नाही. आम्ही सही केली. आता वाचतोय की नव्या कायद्यात यावर काही मर्यादा आहे. आमचं काही चुकलं का?

---

पिवळी_बस | १७ सप्टेंबर २०१६, सकाळी ७:१०

दादा, चुकलं असं मुळीच म्हणू नका. पण हे नीट वाचा.

पर्यायी परीक्षा अगदी तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी आहे. नव्या कायद्यात राज्यभरात एका विषयाची परीक्षा देणाऱ्या एकूण मुलांपैकी फार तर १ टक्का मुलांना ती देता येईल, असं आहे. ही मर्यादा राज्याला आहे, तुमच्या मुलाला नाही. "आमचा कोटा संपला" असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. निर्णय आयईपी टीमचा, आणि त्या टीममध्ये तुम्ही आहात.

महत्त्वाचं पुढे आहे. पर्यायी मापदंड लावले तर मुलाच्या नेहमीच्या हायस्कूल डिप्लोमावर परिणाम होऊ शकतो, आणि तो कसा हे पालकांना स्पष्ट सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. तुम्हाला हे सांगितलं होतं का?

---

अबोल_बाबा | १७ सप्टेंबर २०१६, सकाळी ७:३५

नाही.

---

चाफेकळी | १७ सप्टेंबर २०१६, सकाळी ८:००

बाबा, आयईपी बैठक वर्षातून कधीही मागता येते. ई-मेल करा, फोन नको, म्हणजे तारीख राहते. हवं तर मसुदा मी लिहून देते. बैठकीला एकटे जाऊ नका, तुमच्या बाजूने कुणीतरी शेजारी बसलेलं असू दे.

---

निशिगंध | ३० मार्च २०१७, संध्याकाळी ६:२०

धागा वर काढते. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतंय की ट्रम्पनी एसा रद्द केला. खरं का?

---

चाफेकळी | ३० मार्च २०१७, रात्री ८:४५

नाही! कृपया हे पुढे पाठवा. कायदा जसाच्या तसा आहे.

रद्द झाली ती नियमावली. गेल्या नोव्हेंबरात शिक्षण खात्याने शाळांच्या उत्तरदायित्वाबद्दल आणि राज्यांच्या आराखड्यांबद्दल नियम काढले होते. संसदेने ते मोडीत काढायचा ठराव केला. सिनेटमध्ये ९ मार्चला तो ५० विरुद्ध ४९ असा एका मताने निघाला आणि २७ मार्चला राष्ट्राध्यक्षांची सही झाली. गुरुजींच्या भाषेत सांगायचं तर नियम गेले, अधिनियम राहिला.

याचा परिणाम मात्र खरा आहे. राज्याच्या आराखड्यासाठी खात्याने नवा, छोटा नमुना दिलाय. पालकांशी सल्लामसलत कशी केली ते लिहून देण्याची सक्ती त्यात नाही. सल्लामसलत करायची हे मूळ कायद्यात आहेच, पण केली की नाही हे आता वॉशिंग्टन डीसी तपासणार नाही. ते आपल्यालाच बघावं लागेल. राज्यांना आराखडा द्यायला दोन तारखा आहेत, ३ एप्रिल आणि १८ सप्टेंबर. तुमचं राज्य कोणत्या तारखेला देणार आहे ते आजच बघा. मसुदा सूचनांसाठी खुला असेल तर दोन ओळी का होईना, लिहा.

सही झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी समितीच्या तीन सदस्यांचे मला हाच प्रश्न विचारणारे फोन आले होते. प्रत्येकाला मी तेच एक वाक्य सांगितलं: कायदा आहे, नियमावली गेली.

---

सफरचंदाची_बाग | ३१ मार्च २०१७, सकाळी ६:३०

ते वाक्य मी छापून ऑफिसच्या काउंटरवर चिकटवलंय. स्पॅनिशमध्येही.

---

देवगडकर | १ एप्रिल २०१७, सकाळी ९:००

न्यू जर्सी ३ एप्रिलवाल्या गटात आहे, म्हणजे परवाच. मी मसुद्यावर सूचना पाठवली होती. 'आशियाई' असा एकच रकाना असतो. त्यात आपण, चिनी, व्हिएतनामी, कंबोडियन सगळे एकत्र. सरासरी छान दिसते आणि तिच्याखाली धडपडणारी मुलं दिसेनाशी होतात. फेडरल कायदा मोठे गटच मागतो, पण राज्याला जास्त बारीक आकडे द्यायला कुणी अडवलेलं नाही.

---

चाफेकळी | १८ मार्च २०१८, दुपारी ४:१०

मंडळी, आमच्या राज्याचा आराखडा जानेवारीत मंजूर झाला आणि या महिन्यात शाळांचे पहिले आकडे आले. प्रत्येक शाळेला १ ते १० गुण. वाचन-गणितातलं प्रावीण्य, मुलांची अभ्यासातली वाढ, हायस्कूल पूर्ण करणारे, इंग्रजी शिकणाऱ्यांची प्रगती, आणि शिवाय हजेरी, नववीत सगळे विषय सुटले का, कॉलेजचं क्रेडिट मिळवून देणारे वर्ग घेतले का. गट २० मुलांचा असला तरी त्याचा आकडा वेगळा दिसतो.

धाकटीच्या त्याच शाळेचा तक्ता उघडला. चौदा साली तिला नुसतं 'नाही' मिळालं होतं. आता दिसतं की गणितात मुलं झपाट्याने पुढे जाताहेत आणि ईएल मुलांची इंग्रजीतली प्रगती मंद आहे. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे गणिताच्या बाईंना शाबासकी द्या आणि इंग्रजीला अजून एक बाई द्या." समितीत मी हेच मांडलं. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात अर्धवेळ ईएल शिक्षकाचं पद धरलंय. अर्धवेळच. पूर्णवेळासाठी मे महिन्यात स्कूल बोर्डासमोर बोलायचंय, नाव नोंदवलंय. तीन मिनिटं मिळतात.

---

पिवळी_बस | १८ मार्च २०१८, संध्याकाळी ५:००

तीन मिनिटांतलं एक मिनिट तुमच्या त्या पत्रांवर बोला. दोन्ही पत्रं हातात धरा.

---

अबोल_बाबा | १९ मार्च २०१८, रात्री ११:२०

दीड वर्षाने लिहितोय. चाफेकळीताईंनी दिलेला ई-मेल मी तेव्हाच पाठवला होता. बैठकीला माझा मेहुणा सोबत होता. मी एवढंच विचारलं, "डिप्लोमावर काय परिणाम होईल ते लेखी द्याल का?" खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग सायकॉलॉजिस्ट बाईंनी स्वतःच फाइल पुन्हा उघडली, त्याचे वाचनाचे नमुने काढले आणि म्हणाल्या, हा मुलगा नेहमीची परीक्षा देऊ शकेल असं मला वाटतं.

गेल्या वसंतात त्याने दिली. वेगळी शांत खोली, मध्ये मध्ये उठायची मुभा, गणिताचे प्रश्न कॉम्प्युटर वाचून दाखवणार. वेळेचं बंधन त्या परीक्षेला नाहीच. दोन दिवस लागले. वाचनात सगळ्यात खालच्या पातळीवर आला. गणितात वरून दुसऱ्या.

यंदा पुन्हा देतोय. काल विचारत होता, ती हेडफोनवाली परीक्षा कधी आहे.